अदृश्य दोर : प्रतिकृती-विमानाच्या प्रेषकाची निवड व जुळणी

पतंग उडविणाऱ्या मुलाच्या बोटांना आकाशातील पतंगाची खबर सतत मिळत असते. वाऱ्याचा जोर वाढला की मांजा ताठ होतो, पतंगाने गोता घेतला की तो सैल पडतो, आणि मांजा तुटलाच तर ते त्याच क्षणी हाताला कळते. बिनतारी यंत्रणेने चालणाऱ्या प्रतिकृती-विमानाची गोष्ट निराळी आहे. तेथेही जमिनीवरील माणूस आणि आकाशातील वस्तू यांच्यामध्ये एक दोर असतोच; परंतु तो विद्युत्‌चुंबकीय लहरींचा असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही व हाताला त्याचा ताणही जाणवत नाही. तो तुटल्याचे विमान भलतीकडे जाऊ लागल्यावरच ध्यानात येते, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

हा दोर ज्या यंत्रातून निघतो त्यास प्रेषक किंवा ट्रान्समीटर म्हणतात. विमानात बसविलेले जे यंत्र त्या लहरी पकडते त्यास ग्राही किंवा रिसीव्हर म्हणतात. नवा प्रेषक विकत घेताना बहुतेकांचे लक्ष त्याच्या किमतीकडे आणि बटणांच्या संख्येकडे जाते. वास्तविक विचारावयाचे प्रश्न दोन आहेत : प्रेषक निवडावा कसा, आणि तो विमानाशी जुळविल्यानंतर त्यावर विसंबण्यापूर्वी त्याची परीक्षा कशी घ्यावी. यांपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. उत्तम प्रेषक पैशाने मिळतो. त्याच्याविषयीची खात्री मात्र प्रत्येकाने जमिनीवर स्वतः करून घ्यावी लागते.

हा केवळ खेळण्याचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. दोन किलोग्रॅम वजनाचे विमान ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या अंगी सुमारे २७८ जूल इतकी गतिज ऊर्जा असते. दहा किलोग्रॅमचा धोंडा सुमारे २.८ मीटर उंचीवरून खाली पडला असता आदळण्याच्या क्षणी त्याच्या ठायी एवढीच ऊर्जा असते. शिवाय विमानाच्या नाकाशी वेगाने फिरणारा पंखा असतो, आणि मैदानावर माणसे असतात.

दूरवरून आज्ञा

तारेवाचून दूरच्या वस्तूला आज्ञा देण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक प्रयोग करून दाखविला. त्यात अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात पाण्याच्या हौदात सोडलेली एक छोटी नाव दुरून चालवून दाखविली आणि त्याच वर्षी त्या शोधाचे पेटंट मिळविले. विमानाच्या बाबतीत हे साधण्यास आणखी चार दशके लागली. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी ‘गफ’ नावाचे विमान तयार केले व १९३८ च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत बिनतारी नियंत्रणाच्या विभागात त्याने पहिला क्रमांक मिळविला.

आरंभीच्या यंत्रणा अगदी साध्या होत्या. बटण दाबले की सुकाणू एका बाजूस पूर्ण वळे, सोडले की मधोमध येई. ‘थोडेसे डावीकडे’ अशी आज्ञा देण्याची सोयच नव्हती. १९६० नंतरच्या दशकात प्रमाणबद्ध नियंत्रणाचा प्रसार झाला. हाताने दांडी जेवढी हलवावी तेवढेच सुकाणू वळावे, हे त्याचे तत्त्व. आजचा कोणताही प्रेषक याच तत्त्वावर चालतो.

हाताच्या हालचालीचा प्रवास

प्रेषकाच्या दोन दांड्या दोन्ही अंगठ्यांनी किंवा चिमटीत धरून हलवावयाच्या असतात. प्रत्येक दांडी उभी आणि आडवी अशा दोन दिशांनी हलते. म्हणून दोन दांड्यांपासून चार स्वतंत्र आज्ञा मिळतात. दांडीच्या बुडाशी तिची स्थिती मोजणारा घटक असतो. ती स्थिती एका संख्येत रूपांतरित होते व लहरींवर स्वार होऊन ग्राहीकडे जाते. ग्राही ती संख्या ओळखून विजेच्या एका सूक्ष्म स्पंदाच्या रूपाने सर्व्होला देतो.

सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी किंवा तिच्याहून लहान अशी एक डबी. तिच्यात छोटी मोटर, दातेरी चाके आणि भुजेची स्थिती मोजणारा घटक असतो. प्रचलित पद्धतीत स्पंद १.५ मिलिसेकंद टिकला तर भुजा मधोमध राहते. १ मिलिसेकंदाच्या स्पंदाने ती एका टोकास व २ मिलिसेकंदांच्या स्पंदाने दुसऱ्या टोकास जाते. असे स्पंद सेकंदाला सुमारे ५० वेळा येतात. सर्व्होची भुजा एका सळईने विमानाच्या पंखास किंवा शेपटीस जोडलेल्या हलत्या फळीला ढकलते अथवा ओढते. अशा रीतीने अंगठ्याची सूक्ष्म हालचाल दोनशे मीटरांवरील विमानाच्या अंगी उतरते.

चार मूलभूत आज्ञा कोणत्या ते येथे सांगितले पाहिजे. पंखांच्या मागील कडेस असलेल्या एलेरॉन या फळ्यांमुळे विमान कुशीवर कलते. आडव्या शेपटीवरील एलिव्हेटरमुळे त्याचे नाक वर किंवा खाली जाते. उभ्या शेपटीवरील सुकाणूने नाक डावीकडे अथवा उजवीकडे वळते. थ्रॉटलने मोटरीची किंवा एंजिनाची शक्ती कमीअधिक होते. प्रत्येक आज्ञेच्या वाटेला चॅनेल म्हणतात.

एका लहरीवर दोघे

जुन्या यंत्रणा २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या कंप्रतांवर चालत. ७२ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ४.१७ मीटर भरते. तिच्या चौथ्या भागाएवढी अँटेना लागत असल्यामुळे विमानाच्या शेपटीमागे मीटरभर तार लोंबत असे व प्रेषकावर लांबलचक दुर्बिणीसारखी अँटेना ओढून काढावी लागे. कंप्रता ठरविण्यासाठी स्फटिकाचा छोटा तुकडा बसविलेला असे. दोघांच्या प्रेषकांत एकाच कंप्रतेचे स्फटिक असले आणि एकाचे विमान हवेत असताना दुसऱ्याने आपला प्रेषक सुरू केला, तर पहिल्याच्या विमानास दोन धन्यांच्या आज्ञा एकदम ऐकू येत व ते कोसळे. म्हणून मैदानावर एक फळा ठेवण्याचा प्रघात होता. ज्याच्याजवळ त्या कंप्रतेची खूण असलेला चिमटा असेल त्यानेच आपला प्रेषक सुरू करावयाचा.

२००५ नंतरच्या काही वर्षांत २.४ गिगाहर्ट्‌झच्या यंत्रणा प्रचारात आल्या आणि ही अडचण बहुतांशी दूर झाली. या यंत्रणांतील प्रेषक एकाच कंप्रतेवर बोलत राहत नाही. तो ठरलेल्या क्रमाने एका कंप्रतेवरून दुसरीवर सेकंदाला अनेक वेळा उडी मारतो आणि तो क्रम ठाऊक असलेला त्याचा ग्राहीही त्याच्याबरोबर उड्या मारतो. एखाद्या कंप्रतेवर दुसऱ्या कोणाचा गोंगाट असला तरी तेथे फक्त क्षणमात्र थांबावयाचे असल्याने एखाददुसरी आज्ञा हरवते, संबंध तुटत नाही. चित्रपट-अभिनेत्री हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथिल यांनी १९४२ साली नेमक्या अशाच कल्पनेचे पेटंट मिळविले होते. पाणतीराला दिल्या जाणाऱ्या आज्ञा शत्रूला बुजविता येऊ नयेत, हा त्यांचा हेतू होता. त्यांच्या योजनेत पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ कंप्रता होत्या.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर आणि तिचा चौथा भाग ३.१ सेंटिमीटर. म्हणून आजच्या ग्राहीच्या अँटेनेचे उघडे टोक बोटाच्या दोन पेरांहून मोठे नसते. बोस यांच्या प्रयोगांतील लहरींची लांबी ५ मिलिमीटरपासून २.५ सेंटिमीटरपर्यंत होती. त्यांच्यानंतर बिनतारी संदेशवहन दीर्घकाळ लांब लहरींच्या मार्गाने गेले आणि आज पुन्हा आखूड लहरींकडे वळले आहे. आखूड लहरींचा एक दोष मात्र ध्यानी ठेवावा : झाडे, भिंती आणि माणसाचे शरीर त्यांस सहज अडवितात.

प्रेषक निवडताना

पहिला विचार दांड्यांच्या मांडणीचा. ‘मोड १’ या मांडणीत एलिव्हेटर डाव्या हातात व थ्रॉटल उजव्या हातात असते. ‘मोड २’ मध्ये याच्या उलट. एलेरॉन व सुकाणू यांच्या जागा दोन्हींत सारख्याच, म्हणजे अनुक्रमे उजव्या व डाव्या दांडीवर असतात. यांतील कोणतीही मांडणी श्रेष्ठ वा कनिष्ठ नाही. जो शिकविणार आहे त्याची जी मांडणी, तीच विद्यार्थ्याने घ्यावी. संकटाच्या क्षणी हात विचार न करता हलतात, आणि एकदा बसलेली सवय मोडणे फार कठीण असते.

दुसरा विचार चॅनेलांच्या संख्येचा. साध्या विमानास चार चॅनेल पुरतात. पुढे पंखांवरील झडपा किंवा आत ओढून घेता येणारी चाके बसवावयाची झाल्यास आणखी दोन लागतात. म्हणून नवशिक्याने सहा चॅनेलांचा प्रेषक घ्यावा हे रास्त होय. त्याहून अधिक चॅनेलांसाठी पैसे मोजण्याची घाई करण्याचे कारण नाही.

तिसरा विचार सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत खर्चाचा आहे. प्रत्येक उत्पादकाची लहरींवर बोलण्याची भाषा निराळी असते व एकाचा ग्राही दुसऱ्याच्या प्रेषकाचे ऐकत नाही. काही वेळा एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या यंत्रांचेही आपसांत जमत नाही. प्रेषक एकदाच घ्यावा लागतो, परंतु ग्राही प्रत्येक विमानात एक लागतो. म्हणून दुकानात प्रेषकाची किंमत विचारण्यापूर्वी त्याच्या जातीच्या ग्राहीची किंमत विचारावी. तो आपल्या गावी किंवा जवळच्या शहरात मिळतो की नाही हेही पाहावे. अनेक भाषा बोलणारे प्रेषकही मिळतात. पण त्यांत निवडी अधिक असल्याने चुकीलाही जागा अधिक असते.

चौथा विचार स्मरणशक्तीचा. प्रेषक निरनिराळ्या विमानांच्या जुळण्या स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो. शाळेसाठी अथवा मंडळासाठी प्रेषक घ्यावयाचा असेल तर किमान दहा विमानांची नोंद राहील असा घ्यावा. चुकीच्या विमानाची नोंद निवडली असता ग्राहीने आज्ञा घेण्याचेच नाकारावे अशी सोय काही यंत्रणांत असते; ती असल्यास फारच उत्तम.

पाचवा विचार शिकविण्याच्या सोयीचा. दोन प्रेषक तारेने किंवा बिनतारी जोडून एक शिक्षकाच्या व दुसरा विद्यार्थ्याच्या हाती देता येतो. शिक्षकाने खटका धरून ठेवला असेल तोवर विमान विद्यार्थ्याचे ऐकते. खटका सोडला की तत्क्षणी ते शिक्षकाच्या हाती येते. शाळेच्या दृष्टीने ही सोय इतर दहा सोयींहून मोलाची आहे. तसेच प्रेषक संगणकास जोडून पडद्यावरील विमान उडविण्याचा सराव करता आला, तर पहिली पन्नास विमाने पडद्यावरच मोडतात व खिशास तोशीस लागत नाही.

याशिवाय काही लहान गोष्टी आहेत. दांडीची स्थिती मोजण्यासाठी स्वस्त यंत्रांत घासून चालणारा रोधक असतो व तो कालांतराने झिजतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या चुंबकीय परिणामावर आधारलेला घटक असेल तर त्यात घर्षण नसल्याने झीज होत नाही. विमानातील बॅटरीचा दाब आणि ग्राहीस मिळणाऱ्या लहरींचे बळ यांची वार्ता प्रेषकाकडे परत पाठविणारी यंत्रणा मिळाल्यास घ्यावी. अदृश्य दोराचा ताण कळण्याचे तेवढेच एक साधन आपल्या हाती आहे. आणि शेवटी यंत्र हातात घेऊन पाहावे. अंगठे दांडीच्या सर्व टोकांपर्यंत सहज पोहोचत नसतील तर तो प्रेषक कितीही गुणवान असला तरी आपला नव्हे.

फार लांबचा पल्ला असलेला प्रेषक हवा, असा आग्रह पुष्कळांचा असतो. त्यांनी एक हिशेब करावा. दीड मीटर पंखविस्ताराचे विमान ३०० मीटरांवर गेले की ते चंद्रबिंबाच्या व्यासाच्या निम्म्याहून किंचितच मोठे दिसते. त्यापलीकडे ते येत आहे की जात आहे हेच डोळ्यांना समजत नाही. म्हणजे सामान्य उड्डाणास मर्यादा पडते ती दृष्टीची. लहरींचा पल्ला त्याच्या बराच पुढे असतो.

कायद्याची चौकट

लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे व त्यांचा वापर देशोदेशींच्या नियमांनी बांधलेला असतो. भारतात २००५ साली केलेल्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्यावाचून वापरण्यास मोकळा केला. दूर पल्ल्याच्या काही यंत्रणा मात्र ९१५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अशा वापरास मोकळा आहे. आपल्या देशात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्‌झमध्ये मोबाइल दूरध्वनी चालतात. तेव्हा परदेशातून आलेले यंत्र तेथे कायदेशीर असले म्हणजे येथेही असते, असे नव्हे. केंद्र शासनाच्या बिनतारी नियोजन विभागाची मान्यता त्या यंत्रास आहे काय, हे विक्रेत्यास विचारून घ्यावे.

विमानाविषयीही नियम आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत प्रतिकृती-विमानाची व्याख्या दिली आहे. भारासह वजन २५ किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेले, केवळ शिक्षण, संशोधन, आराखडा, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठी वापरलेले आणि दृष्टीच्या टप्प्यात उडविलेले विमान त्या व्याख्येत बसते. कोठे उडवावे व कोठे उडवू नये यासाठी आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे विभाग पाडलेले आहेत. शिक्षकांनी मैदान निवडण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम पाहून घ्यावेत.

पहिली जुळणी

यंत्र घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे विमानाचा पंखा काढून बाजूस ठेवणे. जुळणी चालू असताना मोटर अकस्मात सुरू झाल्याने बोटे कापली जातात. पंखा नसेल तर ही भीती राहत नाही.

त्यानंतर प्रेषक व ग्राही यांची ओळख करून द्यावी. या क्रियेला बाइंडिंग म्हणतात. प्रत्येक प्रेषकास स्वतःचा एक ओळख-क्रमांक असतो व ग्राही तो स्मरणात ठेवतो. पुढे मैदानावर दहा प्रेषक एकाच वेळी चालू असले तरी ग्राही आपल्या धन्याचाच आवाज ऐकतो. नंतर सर्व्हो ग्राहीच्या योग्य खोबणीत बसवावेत. चॅनेलांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. काहींत पहिला चॅनेल एलेरॉनचा असतो, काहींत थ्रॉटलचा. जुन्या सवयीने तारा जोडल्यास एलेरॉनची दांडी हलविताच मोटर सुरू व्हावयाची.

आता प्रेषकात नव्या विमानाची कोरी नोंद उघडावी. जुनी नोंद नक्कल करून वापरण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या विमानासाठी केलेले फेरफार तिच्यात दडून राहिलेले असतात. मग सर्व दांड्या मधोमध ठेवून सर्व्होची भुजा सळईशी काटकोनात बसवावी आणि सळईची लांबी कमीजास्त करून हलती फळी पंखाच्या रेषेत आणावी. यांत्रिक जुळणी आधी व विजेची जुळणी मागाहून, हा नियम पाळावा. फळी फारच अधिक हलत असेल तर प्रेषकात हालचालीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यापेक्षा सळई भुजेच्या आतल्या छिद्रात लावावी. त्यामुळे सर्व्हो पूर्ण फिरतो, त्याचे बळ वाया जात नाही आणि हालचाल अधिक बारकाईने होते. उरलेली किंचित चूक प्रेषकातील सूक्ष्म दुरुस्तीने काढावी.

बहुतेक प्रेषकांत दोन सोयी असतात. पहिली दुहेरी प्रमाणाची : खटका एका बाजूस असता फळी पूर्ण हलते, दुसऱ्या बाजूस असता समजा ६० टक्केच हलते. दुसरीस ‘एक्स्पो’ म्हणतात. तिच्यामुळे दांडी मध्याजवळ असताना विमान मवाळपणे प्रतिसाद देते आणि टोकाकडे जाताना प्रतिसाद वाढत जातो. नवशिक्याच्या थरथरत्या हातास याचा चांगला उपयोग होतो. येथे एक खाचखळगा आहे. काही कंपन्यांच्या यंत्रांत मवाळपणासाठी धन संख्या भरावी लागते, काहींच्या यंत्रांत ऋण. चिन्ह उलटे पडले तर विमान मध्याजवळच कमालीचे चपळ होते. म्हणून संख्या भरून थांबू नये. दांडी हळूहळू हलवीत फळीकडे डोळ्यांनी पाहावे.

दिशेची परीक्षा

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा. सर्व्हो विमानात कोणत्या बाजूने बसविला आहे यावर फळी वर जाणार की खाली हे ठरते. म्हणून प्रत्येक चॅनेलची दिशा उलटविण्याची सोय प्रेषकात असते. ती चुकीची राहिली तर विमान उजवीकडे वळविताना डावीकडे कलते. वैमानिक घाबरून दांडी आणखी उजवीकडे लोटतो, विमान आणखी डावीकडे कलते, आणि दोनतीन सेकंदांत सारे संपते.

ही चूक केवळ हौशी माणसांकडून होते असे मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धातील विख्यात लँकेस्टर विमानाचे अभिकल्पक रॉय चॅडविक हे २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमधील वुडफर्ड येथे स्वतः आखलेल्या ट्यूडर जातीच्या विमानातून चाचणी-उड्डाणास निघाले. त्या विमानाच्या दुरुस्तीत एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. विमान उड्डाण करताच कोसळले व चॅडविक यांच्यासह चौघांचा अंत झाला. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये दुरुस्तीनंतर निघालेल्या एका प्रवासी जेट विमानातही एलेरॉनच्या तारा उलट बसल्या होत्या. वैमानिकांनी अतिशय प्रयासाने ते कसेबसे खाली उतरविले. विमान बनविणाऱ्याचे ज्ञान या चुकीपासून वाचवीत नाही. उड्डाणापूर्वी फळीकडे टाकलेली एक शांत नजरच वाचविते.

परीक्षा करताना विमानाच्या मागे, त्याच्या शेपटीकडे उभे राहावे. म्हणजे त्याची उजवी बाजू ती आपली उजवी बाजू होते. दांडी उजवीकडे नेताच उजवा एलेरॉन वर व डावा खाली गेला पाहिजे. एलिव्हेटरची दांडी आपल्याकडे ओढताच एलिव्हेटरची मागील कड वर गेली पाहिजे. सुकाणूची दांडी उजवीकडे नेली की सुकाणूची मागील कड उजवीकडे वळली पाहिजे. ‘फळ्या हलतात’ एवढे पाहून समाधान मानू नये. प्रत्येक फळी कोणत्या दिशेने हलली ते मोठ्याने उच्चारावे व शेजारच्या माणसाने त्यास होकार द्यावा. ही परीक्षा नव्या विमानाचीच नव्हे, तर दर दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी करावी. कालची बरोबर जुळणी आज दुसऱ्या विमानाची नोंद चुकून निवडली गेल्याने चुकीची ठरू शकते.

संबंध तुटला तर

प्रेषकाचा आवाज ऐकू येईनासा झाला तर ग्राहीने काय करावे, हेही आधीच ठरवून ठेवावे लागते. या सोयीला फेलसेफ म्हणतात. काही ग्राही, वेगळे सांगितले नाही तर, शेवटची आज्ञाच धरून बसतात. त्या वेळी मोटर पूर्ण शक्तीवर असेल तर विमान त्याच शक्तीने पुढे धावत राहील. ताशी ६० किलोमीटर वेगाचे विमान दर सेकंदास सुमारे १७ मीटर जाते हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. म्हणून संबंध तुटताच मोटर बंद व्हावी, अशीच योजना शक्तीवर चालणाऱ्या विमानात असावी. विमान वाचावे यापेक्षा ते जेथे पडेल तेथे कोणास इजा होऊ नये, हा या योजनेचा हेतू आहे.

याचीही परीक्षा प्रत्यक्ष करून पाहावी. पंखा काढलेला असावा, विमान घट्ट धरलेले असावे, थ्रॉटल थोडे वर न्यावे आणि प्रेषक बंद करावा. मोटर थांबली तर योजना बरोबर आहे. काही यंत्रणांत ही स्थिती बाइंडिंगच्या वेळीच नोंदली जाते. तेव्हा पुन्हा बाइंडिंग केल्यावर ही परीक्षाही पुन्हा करावी.

त्यानंतर पल्ल्याची परीक्षा. प्रेषकाची शक्ती मुद्दाम अतिशय कमी करणारे बटण किंवा निवड बहुतेक यंत्रांत असते. ती शक्ती हजारपटीने कमी होते असे समजू. मोकळ्या जागेत लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून शक्ती हजारावा भाग राहिली तर पल्ला सुमारे बत्तिसावा भाग राहतो. अशा क्षीण शक्तीवर ३० मीटरांवरून सर्व फळ्या बिनचूक हलत असतील, तर पूर्ण शक्तीवर सुमारे ९५० मीटरांचा पल्ला मिळण्यास हरकत नाही. जमिनीचे व अडथळ्यांचे परिणाम यात धरलेले नाहीत. म्हणून हा हिशेब अंदाजाचा समजावा व किती अंतरावर परीक्षा करावी यासाठी यंत्राची माहितीपुस्तिका प्रमाण मानावी.

अँटेनेविषयी दोन सूचना. सरळ अँटेनेतून लहरी तिच्या बाजूंना पसरतात, टोकाच्या दिशेने जवळजवळ जात नाहीत. म्हणून प्रेषकाच्या अँटेनेचे टोक बंदुकीसारखे विमानावर रोखू नये. ग्राहीस दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात बसवाव्यात. विमान कसेही कलले तरी एकीस तरी लहरी मिळतात. कार्बन तंतूंच्या आवरणाखाली व बॅटरीला लगटून त्या ठेवू नयेत.

विजेचा पुरवठा हाही या दोराचाच एक पेड आहे. अनेक सर्व्हो एकदम जोराने हलले की बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो. तो फार घसरला तर ग्राही बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढा वेळ विमान निराधार असते. लहरींचा दोष म्हणून सांगितले जाणारे काही अपघात वास्तविक अशक्त बॅटरीचे असतात. म्हणून सर्व फळ्या एकदम हलवून दाब किती उतरतो ते जमिनीवरच पाहावे.

मैदानावर

रोजचा क्रम सोपा आहे. आधी प्रेषक सुरू करावा, योग्य विमानाची नोंद निवडली आहे हे पडद्यावर वाचावे, थ्रॉटल तळाशी असल्याची खात्री करावी आणि मगच विमानाला बॅटरी जोडावी. उड्डाण संपल्यावर आधी विमानाची बॅटरी काढावी व नंतर प्रेषक बंद करावा. विमान जागे असताना त्याचा धनी झोपलेला नसावा, एवढाच याचा अर्थ.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती-विमानांचे शिक्षण दिले जाते. शाळांतील विज्ञान मंडळांनाही ते हाती घेता येण्याजोगे आहे. त्यात भौतिकीतील लहरी, वीज, गती आणि ऊर्जा ही सारी प्रकरणे पुस्तकातून बाहेर येऊन मैदानावर उभी राहतात. परंतु याहून मोठा एक धडा त्यात आहे. पडद्यावर लिहिलेला आकडा म्हणजे फळीची हालचाल नव्हे. आपण जे योजिले तेच घडते आहे की नाही, हे घडताना पाहावे लागते. प्रेषक नवा असो वा जुना, महाग असो वा स्वस्त, विमानामागे उभे राहून ‘उजवा वर, डावा खाली’ असे म्हणण्यास अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट ज्याने कधी चुकविले नाही, त्याच्या हाती अदृश्य दोर सुरक्षित आहे असे समजावे.